जर्मनच्या वर्गात टाफेलची रांग

नमस्कार ताई,

मी बेळगावात टिळकवाडीत एका खासगी क्लासमध्ये जर्मन शिकवते. मुलं बहुतेक नर्सिंगची, थोडी इंजिनिअरिंगची. पुस्तकात ख्रिसमसचा बाजार, म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट, नॉयश्वानश्टाइनचा किल्ला हे सगळं आहे. मला वाटलं, तिकडची दुसरी बाजूही मुलांना दिसावी. म्हणून एका तासाला टाफेलच्या, म्हणजे गरजूंना जवळपास फुकट अन्न देणाऱ्या संस्थेच्या, दारातल्या रांगेचे फोटो दाखवले. रिकाम्या बाटल्या गोळा करणाऱ्या एका म्हाताऱ्याचाही दाखवला. एक मुलगा म्हणाला, "तिकडं पण भिकारी असतात होय?" आणि वर्ग हसला. वडगावची एक मुलगी आहे, तिच्या घरी माग आहे, ती तेवढी मान खाली घालून बसली.

दुसऱ्या दिवशी एका मुलीचे वडील आले. कर्ज काढून मुलीला जर्मनीला पाठवणार आहेत. म्हणाले, "मॅडम, पोरीला भाषा शिकायला पाठवलंय. तिच्या मनात भीती कशाला घालताय? संस्कृती शिकवा की. गरिबी आम्हाला काय नवी आहे?" क्लासचे मालक म्हणतात, पुस्तकाबाहेर जाऊ नका. त्यातच मध्यंतरी तिकडच्या एका शाळेतल्या मुलांशी ऑनलाइन गप्पा ठेवल्या होत्या. तिथल्या मुलीनं विचारलं, "तुमच्याकडं खूप गरिबी आहे ना? तुम्ही झोपडपट्टीत राहता का?" आमची मुलं फार चिडली.

परकी भाषा शिकवताना संस्कृतीबरोबर गरिबीही शिकवावी का? की तो माझा विषयच नव्हे?

— एक शिक्षिका, टिळकवाडी


प्रिय बाई,

शिकवावी. तो तुमचाच विषय आहे, आणि दुसरी बाजू दाखवावी असं तुम्हाला वाटलं ते बरोबरच होतं. रीत मात्र बदलायला हवी. मुलांपुढं आधी फोटो आले. त्या रांगेत कोण उभं आहे, का उभं आहे, तिथं उभं राहायला कोणता कागद दाखवावा लागतो, यातलं काही कळायच्या आत चित्र दिसलं. कारण न कळता दिसलेल्या गरिबीला माणूस हसतो, नाहीतर हळहळतो. तुमचा वर्ग हसला. तो हळहळला असता तरी मला समाधान वाटलं नसतं, कारण हळहळून झाल्यावरही त्या म्हाताऱ्याबद्दल मुलांना काहीच कळलं नसतं.

आधी त्या वडिलांबद्दल बोलते. त्यांच्यावर रागावू नका. मुलीच्या नर्सिंगसाठी पैसे, मग भाषेसाठी पैसे, मग परीक्षेला पुण्याला नाहीतर बंगळूरला जायचं, मुक्काम करायचा, नापास झाली की पुन्हा फी. एवढं सगळं करून मुलगी जिथं जाणार तो देश तरी सुखाचा असावा, अशी त्यांची आशा आहे. पण "गरिबी आम्हाला काय नवी" हे त्यांचं म्हणणं इथल्या गरिबीपुरतं खरं आहे. इथं अडचण आली तर कुणाकडं हात पसरायचा, कुठल्या दुकानात उधारी चालते, सोसायटीचा हप्ता कसा पुढं ढकलायचा, हे त्यांना पाठ आहे. तिकडं पैसे कसे संपतात आणि संपले तर काय करायचं, हे त्यांना माहीत नाही, त्यांच्या मुलीलाही नाही. तिला ते सांगणं म्हणजे भीती घालणं कसं होईल?

उदाहरणच घ्या. नर्सिंगचं तीन वर्षांचं प्रशिक्षण, ज्याला तिकडं आउसबिल्डुंग म्हणतात, ते सार्वजनिक रुग्णालयात करणाऱ्या मुलीला पहिल्या वर्षी महिन्याला १३०० युरोंच्या वर विद्यावेतन मिळतं. तो आकडा रुपयांत गुणला की घरची माणसं हरखून जातात. पण त्यातून आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा यांची कपात होते आणि मग येतं घरभाडं. तिथल्या जाहिरातीत भाड्याचे दोन आकडे असतात. एक नुसत्या जागेचं "थंड भाडं", दुसरं पाणी, हीटिंग वगैरे धरून "गरम भाडं". पहिला आकडा बघून खोली घेतली की पहिल्याच महिन्यात हिशेब कोलमडतो. अनामत म्हणून घरमालकाला जास्तीत जास्त तीन महिन्यांचं थंड भाडं मागता येतं, आणि ती रक्कम तीन हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला कायद्यानं दिलेला आहे. हे माहीत नसलेली मुलगी सगळी रक्कम एकदम भरते आणि महिन्याच्या शेवटी मैत्रिणीकडं उसने मागते. घरात टीव्ही असो नसो, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो प्रसारण शुल्क द्यावं लागतं. आणि जे विद्यार्थी म्हणून जातात त्यांना सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२, बंद खात्यात, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, ठेवून दाखवावे लागतात. म्युनिकसारख्या शहरात एका खोलीलाच त्यातला मोठा भाग जातो.

हे सगळं तुमच्या पुस्तकातल्या "घर" या धड्यात बसतं. पुस्तकाबाहेर जायची गरजच नाही. खोल्यांची नावं शिकवून झाली की खऱ्या जाहिराती वाचायला द्या आणि मुलांना जर्मनमध्ये महिन्याचा खर्च मांडायला सांगा. त्या तासाला पालकांनाही बोलवा. मुलांनी तो हिशेब आईवडिलांना मराठीत समजावून सांगावा, ज्यांच्या घरी कन्नड आहे त्यांनी कन्नडमध्ये. परदेशात नोकरी लावून देणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदलेला असावा लागतो, आणि त्याला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त घेता येत नाही, हेही त्याच दिवशी फळ्यावर लिहा. कर्ज काढून बसलेल्या बापाला त्या ओळीचा उपयोग तुमच्या सगळ्या व्याकरणापेक्षा जास्त होईल.

आता त्या वडगावच्या मुलीकडं येते. तुमच्या पत्रात तिला एकच ओळ मिळाली आहे, पण माझं मन तिथंच अडकलं.

गरिबी वर्गात आणावी का, असं तुम्ही विचारता. बाई, ती पहिल्या महिन्यापासून वर्गात बसलेली आहे. परक्या भाषेच्या सुरुवातीच्या पुस्तकातले प्रश्न आठवा. तुझ्या खोलीचं वर्णन कर. सुट्टीत कुठं गेला होतास? वडील काय करतात? वाढदिवस कसा साजरा केलास? घराला बाग आहे की बाल्कनी? पुस्तक लिहिणाऱ्यानं प्रत्येक मुलाला स्वतःची खोली आणि वर्षाकाठी एक सहल देऊनच टाकलेली असते. जिच्या घरात पुढच्या खोलीत माग आहे, मागच्या खोलीत स्वयंपाक आणि अंथरुणं एकत्र आहेत, कॉलेजातून आल्यावर जी आईबरोबर कांड्या भरायला बसते, तिनं या प्रश्नांना काय उत्तर द्यायचं? एक तर खोटी बाल्कनी बांधायची. नाहीतर जी भाषा अजून तोंडात नीट बसलेली नाही त्या भाषेत, तीस जणांपुढं, घरची स्थिती सांगायची. मुलं खोटं सांगतात. शिक्षकाला वाटतं, वा, वाक्य बरोबर आलं. आणि ती मुलगी त्या तासाला व्याकरणाबरोबर हेही शिकून जाते की या भाषेत तिच्या घराला जागा नाही.

गणिताच्या तासाला कुणी कुणाची खोली विचारत नाही. भाषेच्या वर्गात मात्र दर तासाला मुलाला स्वतःबद्दल बोलावं लागतं. त्यामुळं गरीब मुलांना जपण्याची जबाबदारी भाषेच्या शिक्षकावर इतरांपेक्षा जास्त येते. हे मी कळकळीनं लिहिते आहे, कारण चांगले, मायाळू शिक्षकसुद्धा इथं मुलांना नकळत उघडं पाडतात.

याला एक साधा उपाय आहे. कार्डं करा. प्रत्येक कार्डावर एक माणूस: हांबुर्गमध्ये ऑफिसं झाडणारी, दोन मुलांची आई. लाइपझिगचा निवृत्त गवंडी, पेन्शन तुटपुंजी. ड्रेस्डेनमधली डॉक्टर. निपाणीत विड्या वळणारी बाई. गोव्यात हॉटेलात काम करणारा खानापूरचा पोरगा. उद्यमबागेतल्या फाउंड्रीचा मालक. मुलांनी चिठ्ठी उचलायची आणि त्या माणसाच्या वतीनं घराचं, सुट्टीचं, जेवणाचं बोलायचं. ज्याच्याकडं डॉक्टर आली तो डॉक्टर, ज्याच्याकडं गवंडी आला तो गवंडी. यात व्याकरण तेवढंच शिकून होतं आणि कुणाचं घर चव्हाट्यावर येत नाही. वर्गातल्या कुणालाही घरचं उत्पन्न, कर्ज, जागा विचारायची नाही, हा नियम तुम्ही स्वतःला घालून घ्या. कुणी आपणहून सांगितलं तर नीट ऐकायचं, त्याचं उदाहरण करायचं नाही.

"संस्कृती शिकवा की," असं ते वडील म्हणाले. पण संस्कृती गरिबीपासून वेगळी काढता येते का? तुमच्या विषयातलंच उदाहरण देते, आणि ते बेळगावच्या मुलांना फार जवळचं आहे.

जून १८४४ मध्ये सायलेशियात विणकरांनी उठाव केला. तो भाग तेव्हा प्रशियात होता, आज पोलंडमध्ये आहे. यंत्रावर विणलेल्या स्वस्त कापडापुढं हातमागाचा माल मार खात होता, आणि व्यापारी त्याची भरपाई विणकरांची मजुरी कापून करत होते. पेटर्सवाल्डाउ आणि लांगेनबीलाउ या गावांत विणकरांनी व्यापाऱ्यांच्या कोठ्या फोडल्या. सैन्य आलं, गोळीबार झाला, अकरा माणसं मेली. कवी हाइनरिख हाइने यांनी त्याच वर्षी त्यावर कविता लिहिली. पुढं केटे कोलवित्स या चित्रकर्तीनं त्या उठावावर सहा मुद्राचित्रांची मालिका केली. तिचा नवरा बर्लिनच्या गरीब वस्तीत डॉक्टर होता, त्यामुळं कामकऱ्यांची घरं तिला रोज दिसत. १८९८ मध्ये बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात ही चित्रं लागली, परीक्षकांनी तिला पदक द्यावं अशी शिफारस केली, आणि सम्राट दुसऱ्या विल्हेल्मनं ते नाकारलं. आज बर्लिनमध्ये आणि कोलोनमध्ये तिच्या नावाची संग्रहालयं आहेत.

मालिकेतलं पहिलंच चित्र बघा. बसक्या छताची खोली, मागे माग, अंथरुणावर आजारी मूल, आणि त्याच्यापाशी डोकं धरून वाकलेली आई. हे चित्र पहिल्या पातळीच्या वर्गालाही देता येतं: खिडकी, माग, अंथरूण, मूल, आई, हात. आधी फक्त वस्तूंची नावं विचारा. मग माणसं काय करताहेत ते. साल आणि उठाव सगळ्यात शेवटी सांगा. वडगाव, शहापूर, खासबागच्या गल्ल्यांतून चालताना जो खटखट आवाज ऐकू येतो तो या चित्राच्या मागं मुलांना आपोआप ऐकू येईल, तुम्ही सांगायची गरज नाही. आपल्या वर्गातही एका घरी माग आहे, असं मात्र चुकूनही म्हणू नका.

आपल्या मागांची कथा तरी काय वेगळी आहे? सूत एकाचं, माग दुसऱ्याचा, मजुरी साडीमागे. सुताचा भाव चढला किंवा साडीला मागणी नसली की पहिली कुऱ्हाड मजुरीवर. लॉकडाऊनमध्ये माग थांबले तेव्हा या गल्ल्यांत काय झालं ते बेळगावकरांना सांगायला नको. मराठी बोलणारा विणकर आणि कन्नड बोलणारा विणकर तिथं भिंतीला भिंत लावून राहतात, दोघांचाही संसार त्याच साडीच्या मजुरीवर चालतो. आपल्या भागात भाषा म्हटली की पाट्या आणि परिपत्रकं आधी आठवतात. मराठीसाठीचा तो लढा माझ्याही मनाच्या जवळचा आहे. पण भाषेचा विचार करताना ती बोलणाऱ्याच्या पोटाचाही विचार व्हावा, असं मला फार दिवसांपासून वाटतं.

उद्या कुणी जर्मन बाई मराठी शिकायला बेळगावात आली असं समजा. तिला कुंदा खाऊ घातला, शिवजयंतीचे चित्ररथ दाखवले, राजहंसगडावर नेलं आणि परत पाठवलं, तर तिला बेळगाव कळलं का? तिनं निपाणीत जायला हवं. १९८१ साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून तिथले शेतकरी रस्त्यावर बसले, गोळीबारात माणसं गेली. त्याच गावात विडी कामगार बायकांनी संघटना उभी केली. सुगीच्या दिवसांत साखर कारखान्यांच्या आसपास मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या दिसतात, त्यांची मुलं तिथंच उसाच्या फडात वाढतात. या सगळ्याला शब्द आहेत, गाणी आहेत, म्हणी आहेत. ते वगळून शिकवलेली मराठी आपल्याला अपुरी वाटेल. मग जर्मनबद्दल वेगळा न्याय का?

टाफेल पुन्हा वर्गात आणा, पण आता नीट. १९९३ मध्ये बर्लिनमधल्या काही बायकांनी ते काम सुरू केलं: दुकानांत विकलं न गेलेलं, पण खाण्याजोगं अन्न गोळा करायचं आणि गरजूंना द्यायचं. आज देशभर नऊशेहून अधिक टाफेल आहेत आणि १५ ते २० लाख लोक तिथून अन्न नेतात. उत्पन्न कमी असल्याचा कागद दाखवावा लागतो, बहुतेक ठिकाणी नावापुरते थोडे पैसेही घेतात. रांगेत पेन्शन न पुरणारी म्हातारी माणसं असतात, एकटीनं मुलं वाढवणाऱ्या आया असतात, निर्वासित असतात. देशाच्या मधल्या उत्पन्नाच्या ६० टक्क्यांहून कमी ज्याचं उत्पन्न, त्याला तिथं गरिबीच्या छायेतला मानतात, आणि या मापानं जर्मनीत दर सहा-सात माणसांमागे एक त्यात येतो. तिथं किमान वेतनाचा कायदा आहे, २०१५ मध्ये तासाला ८.५० युरोंपासून तो सुरू झाला आणि २०२५ मध्ये १२.८२ वर आला. काम नसलेल्या एकट्या माणसाला २०२४ मध्ये महिन्याला ५६३ युरो सरकारी मदत होती, वाजवी भाडं आणि हीटिंगचा खर्च वेगळा. एवढं असूनही रांग का लागते, हा प्रश्न मुलांना पडू द्या. उत्तर तुम्ही देऊ नका, त्यांना शोधू द्या.

आणखी एक घटना त्यांना सांगाच, कारण ती त्यांच्यासारख्यांबद्दल आहे. २०१८ च्या सुरुवातीला एसेन शहरातल्या टाफेलनं नव्या परदेशी लोकांची नोंदणी थांबवली. परदेशी लोक फार झाले, म्हाताऱ्या जर्मन बायका येईनाशा झाल्या, असं त्यांचं म्हणणं होतं. देशभर वाद पेटला, चान्सलर मेर्केल यांनीही अशी वर्गवारी बरी नाही म्हणून सांगितलं, आणि काही महिन्यांत तो निर्णय मागे घेतला गेला. परदेशी म्हणून राहताना गरिबीच्या प्रश्नात आपण कुठं उभे असतो, हे या एका प्रसंगातून कळतं. बी-२ च्या, म्हणजे भाषेच्या वरच्या पातळीच्या, मुलांना यावर दोन्ही बाजूंनी बोलायला लावा.

हसलेल्या मुलाला ओरडू नका. त्याला बाटल्यांचा हिशेब द्या. जर्मनीत प्लास्टिकच्या बहुतेक बाटल्यांवर आणि पेयांच्या पत्र्याच्या डब्यांवर २५ सेंट अनामत असते, बिअरच्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट. दुकानातल्या यंत्रात बाटली परत केली की ते पैसे मिळतात. लोक कचरापेटीत टाकायच्या ऐवजी बाटली मुद्दाम पेटीशेजारी ठेवतात, उचलणाऱ्याला कचऱ्यात हात घालावा लागू नये म्हणून. देशभर बसला आणि लोकल गाड्यांना चालणारा महिन्याचा पास २०२५ मध्ये ५८ युरो होता. तो काढायला किती बाटल्या लागतील? प्लास्टिकच्या २३२, बिअरच्या ७२५. त्याला हे आकडे जर्मनमध्ये मोठ्यानं वाचू दे, तिथल्या अंकांची उलटी रीतही (आधी एकक, मग दशक) पक्की होईल. मग त्याला विचारा, तो म्हातारा भीक मागत होता का?

शक्य असेल तिथं गरिबीबद्दल गरिबांचंच बोलणं वाचायला द्या. हांबुर्गमध्ये "हिन्झ उंड कुन्झ्ट" आणि म्युनिकमध्ये "बिस" ही मासिकं १९९३ पासून निघतात. बेघर आणि गरजू माणसं ती रस्त्यावर विकतात आणि किमतीतला मोठा वाटा त्यांना राहतो. विकणाऱ्यांच्या स्वतःच्या हकीकती त्यांत येतात. भाषा सोपी, वाक्यं छोटी, बी-१ च्या, म्हणजे मधल्या पातळीच्या, वर्गाला झेपतील अशी. फोटोतला माणूस गप्प असतो, इथं तो बोलतो.

ऑनलाइन गप्पांमधल्या त्या जर्मन मुलीवर तुमची मुलं चिडली. तिनं विचारलं तेच तुमच्या वर्गातल्या मुलानं विचारलं होतं, फक्त दिशा उलटी होती, हे त्यांना शांतपणे दाखवा. पुढच्या भेटीला "आमच्याकडं मॉल आहेत, विमानतळ आहे" अशी यादी घेऊन जाऊ देऊ नका. दोन्हीकडच्या मुलांनी आधी तीच चार-पाच उत्तरं शोधून आणायची: एका तासाच्या कामाला काय मिळतं, दूध किती रुपयाला आणि त्यासाठी किती वेळ काम करावं लागतं, एका खोलीचं भाडं किती, महिनाअखेरीस पैसे संपले तर लोक काय करतात. तुमच्या मुलांना त्यासाठी हजार विड्यांची मजुरी विचारायला जावं लागेल, टनामागे ऊसतोडीचा दर विचारावा लागेल, साडीमागचा दर विचारावा लागेल. बेळगावात वाढलेल्या पुष्कळ मुलांना हे दर ठाऊक नसतात. जर्मनच्या निमित्तानं कळतील.

फ्रेंच शिकवणारे काही वाचक असतील, त्यांच्यासाठी थोडं. फ्रेंच बोलणारी माणसं आज सगळ्यात जास्त आफ्रिकेत आहेत, तरी आपली पुस्तकं पॅरिसमध्येच फिरतात. हैती शिकवा. कॅरिबियन समुद्रातला, १८०४ मध्ये गुलामांनी फ्रान्सशी लढून स्वतंत्र केलेला देश. १८२५ मध्ये फ्रान्सनं लढाऊ जहाजं पाठवून, मान्यतेच्या बदल्यात, मळेवाल्यांची भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक मागितले. पुढं १८३८ मध्ये ते ९ कोटींवर आणले, पण त्यासाठी काढलेलं कर्ज हैती पिढ्यान्‌पिढ्या फेडत राहिला. हा इतिहास गाळून हैतीचे फक्त फोटो दाखवले, तर मुलांना वाटेल की गरिबी तिथल्या मातीतच आहे.

तुमच्या मालकांचं काय? त्यांना तत्त्व सांगू नका, परीक्षेचा नमुना पेपर दाखवा. बी-१ च्या तोंडी परीक्षेत मुलाला एका विषयावर सादरीकरण करावं लागतं: स्वतःचा अनुभव, आपल्या देशातली स्थिती, फायदे-तोटे, मत. बी-२ ला छोटं भाषण आणि मग समोरच्याशी वाद-चर्चा. ऑक्टोबरफेस्टवर मत देऊन देऊन मुलं किती देणार? भाडं, मजुरी, अन्नाची नासाडी, म्हातारपणची पेन्शन यांवर ज्यानं वर्गात दहा वेळा तोंड उघडलंय त्याला परीक्षेत शब्दांसाठी अडावं लागत नाही. क्लासचा निकाल वाढणार असेल तर मालक अडवतील असं मला वाटत नाही. तरीही नको म्हणालेच, तर "घर", "खरेदी", "काम", "आरोग्य" हे धडे पुस्तकात आहेतच. दर धड्यात दहा मिनिटं तुमची. गरिबीचा वेगळा तास कधीच ठेवू नका. तो आला की मुलं पुन्हा तमाशा बघायला बसतील.

ऑक्टोबरफेस्टही शिकवा, ख्रिसमसचा बाजारही. मुलांना तिकडं जावंसं वाटलं पाहिजे, तिथला आनंद त्यांच्या वाट्याला आला पाहिजे. त्या बाजारात मग पेला किती युरोंना मिळतो आणि त्यावर अनामत किती, हेही विचारा.

कार्डं मात्र लगेच लिहायला घ्या, पुढची तुकडी सुरू व्हायच्या आत. आणि त्या वडिलांना भाड्याच्या हिशेबाच्या तासाला बोलावलंत, तर ते काय म्हणाले ते मला नक्की कळवा. त्यांच्यासारखे पालक चिकोडीत, खानापुरात, हुक्केरीत खूप आहेत. त्यांच्या शंका मला या सदरात घ्यायच्या आहेत.

तुमची,
ताई